म्हैस कामरगावला, हात सोफ्यात

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो. मी पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात खऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली लसी टोचणारा, कृत्रिम रेतनानं गाई-म्हशी भरवणारा, अडलेल्या सोडवणारा माणूस. पण बत्तीस वर्षांत किन्हीराजापासून कामरगावपर्यंत एकाही माणसानं मला 'पर्यवेक्षक' अशी हाक मारली नाही. तायडे डॉक्टर, हेच नाव. खरे डॉक्टर बदलीवर येत-जात राहिले. लोक त्यांना 'मोठे डॉक्टर' म्हणायचे आणि अडल्या वेळी बोलवायचे मला. याचा मला गर्व होता का? होता. आता निवृत्त झालोय, लपवून काय करू?

या नोकरीत मी दोनच गोष्टींना भ्यालो. एक लाथाड म्हैस आणि दुसरं प्रशिक्षणाचं पत्र. म्हैस निदान लाथ मारायच्या आधी अंग आखडते, पत्राचं तसं नसतं. ते येतं आणि 'उपस्थिती अनिवार्य' म्हणतं. मला परगावी झोप येत नाही, परक्या संडासात मन लागत नाही आणि खुर्चीवर सलग दोन तास बसलो की पाय जडावतात. म्हणून दरवेळी काहीतरी कारण काढायचो. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मी तीनदा करवलं. त्यांना डोळे दोनच.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं तेव्हा पुण्याजवळच्या एका रिसॉर्टमधल्या परिषदेचं पत्र आलं. दोन दिवस मुक्काम. विषय होता दूरस्थ पशुसेवा, म्हणजे जनावराजवळ न जाता मोबाईलवरून उपचार. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण मला पुरतं ओळखून होत्या. पत्र माझ्या हातात देत म्हणाल्या, "तायडे काका, सासूबाईंचे डोळे आता ठीक आहेत ना?"

मी म्हटलं, "ठीक आहेत."

"मग निघा."

आता खरी अडचण सांगतो. कामरगावच्या शिवारात सुमन नावाची बाई आहे. नवरा नामदेव. मेथी, कोथिंबीर, वांगी पिकवतात आणि नामदेव ती कारंज्याच्या बाजारात नेतो. भाजीच्या जोडीला एक म्हैस. बारा मणांचं धूड आणि नाव मैना. ही मैना आदल्या खेपेला अडली होती. मला फोन आला तेव्हा मी दुसऱ्या गावात एका बैलाच्या पायाशी बसलो होतो. तिथून निघालो, वाटेत गाडी पंक्चर झाली आणि पोचलो तोवर रेडकू पोटातच गेलं होतं. मैना वाचली. सुमन मला एक शब्द बोलली नाही. तिनं चहा आणून दिला, तो मला गिळवेना.

नंतर मैनेला मीच भरवलं. म्हैस दहा महिने दहा दिवस घेते. वहीत तारीख लिहिलेली होती, ती काढून पाहिली, तर परिषदेचे दोन्ही दिवस बरोब्बर त्याच आठवड्यात.

सांगायला गेलो तेव्हा सुमन मेथीच्या जुड्या बांधत होती. "पुन्याले? कायले जाता जी? त्या लोकायजोळ म्हशी हायेत का?"

"म्हशी नाहीत. म्हशींबद्दल बोलायचं हाय."

"बोलून काय होते?" तिनं जुडी करकचून आवळली. "मागच्यासारखं नोका करू डॉक्टर. मले बाकी काई नाई सांगायचं."

"मॅडम हायेत अती दवाखान्यात. अन् माहा फोन चालू राहीन. कवाबी कर, उचलतो म्हनजे उचलतो."

शब्द देऊन बसलो. घरी बायको म्हणाली, "दुसऱ्याच्या म्हशीसाठी एवढं तोंड उतरवता. आपली सोना झाली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपा काढत होता." खोटं नव्हतं.

रिसॉर्ट म्हणजे काय विचारू नका. खोलीत शिरलो तर दिवा लागेना. अर्धा तास अंधारात बसलो. नंतर कळलं की दाराचं कार्ड भिंतीतल्या खाचेत घालून ठेवावं लागतं. गळ्यात नावाचा बिल्ला अडकवला, तो चालताना छातीवर आपटायचा. उनाड ढोराच्या गळ्यात आपण लोढणं बांधतो ना, तसंच. आणि चहा! सगळ्या महाराष्ट्रातले दुधाच्या जनावरांचे जाणकार एका छताखाली जमलेले, अन् चहाला दुधाची पावडर, पुडीतली.

पहिल्या सकाळी ओळख व्हावी म्हणून एका बाईंनी खेळ घेतला. तुम्ही प्राणी असता तर कोणता असता? लोक वाघ झाले, घोडा झाले, एक जण गरुड झाला. मी म्हटलं, हेला, म्हणजे रेडा. बाईंनी कारण विचारलं. म्हटलं, "त्याला कोणी परिषदेला पाठवत नाही."

मग सभागृहाच्या दाराशी नवाच नियम दिसला. फोन बाहेर ट्रेमध्ये जमा करायचे आणि टोकन घ्यायचं, म्हणे लक्ष विचलित होतं. सुमनला तर फोन उचलायचा शब्द दिलेला. पण मुलीचा जुना, बंद पडलेला फोन माझ्या बॅगेत होता. दुरुस्तीला टाकू म्हणून आणलेला. तो ट्रेमध्ये ठेवला, टोकन घेतलं आणि चालता फोन पायमोज्यात खोचला. शासकीय सेवेतली माझी ही एवढीच लबाडी. मोतीबिंदू सोडून.

परिषदेचे प्रमुख म्हणजे आमच्या खात्यातले एक मोठे साहेब. स्वतः जनावरांचे डॉक्टर, पण खुर्ची मोठी होत गेली तशी जनावरं सुटली. चांगले बोलत. पडद्यावर त्यांनी ॲप दाखवलं. शेतकऱ्यानं फोटो काढायचा, पाठवायचा, आपण सल्ला द्यायचा. शेवटी म्हणाले, "कुणाला काही शंका?"

मला गप्प बसता येत नाही, हा जुना रोग. उभा राहिलो. "साहेब, ताप-खोकला ठीक आहे. पण फोनवरून म्हैस मोकळी होत नाही. तिथं हातच लागतो."

साहेब हसले. "तायडे, काळ बदललाय."

"काळ बदलला साहेब, म्हैस नाही बदलली."

सभागृह हसलं. साहेबही हसले, पण माझं नाव त्यांनी कागदावर लिहून घेतलं, ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी 'क्षेत्रीय अनुभव' म्हणून दहा मिनिटं बोलायला मलाच उभं करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी साहेब बोलत होते, त्यांच्यानंतर माझी दहा मिनिटं होती, आणि माझ्या पायात फोन वाजला. तो मोटारसायकलवर ऐकू यावा म्हणून मी आवाज पूर्ण ठेवलेला असतो. सनई वाजायला लागली, तीही खुर्चीखालून. शेजारचे दोघं वाकून बघायला लागले. मी एका पायावर उड्या मारत बाहेर लॉबीत पळालो, पायमोजा हातात, बूट आतच राहिला.

फोनवर नामदेव होता. "डॉक्टर, मैना अडली. सकाळपासून कळा देऊन राह्यली. दोन पाय दिसतेत, डोकं नाई दिसत. मॅडमले फोन केला, त्या किन्हीराजाकडं लसीकरनाले हायेत. निंगाल्या म्हने, पन दीड घंटा लागते."

"बरं. हात नोका लावू तोवर."

"आमी वढलं ना जी. चौघानं. दोनदा. नाई निंगत. आता शेजारच्या गज्याचं ट्रॅक्टर आनलं हाय."

"ट्रॅक्टर कायले?"

"वढ्याले."

मी एवढ्या जोरात ओरडलो की काउंटरवरच्या मुलीच्या हातातला पेन पडला. "अबे, बंद कर थे ट्रॅक्टर! दोर सोड पह्यले! म्हशीले मारता काय बे?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. रेडकू जन्माला येतं ते पोहणाऱ्यानं सूर मारावा तसं. पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकवलेलं डोकं. कधीकधी पाय येतात आणि डोकं मागं वळून बरगडीला चिकटतं. आमच्याकडं पाय दिसले की गडी दोर बांधतात. एक ओढतो, मग चार ओढतात, मग ट्रॅक्टर. जितकं ओढाल तितकी मान मागं वळत जाते. रेडकू तर जातंच, आतून फाटून म्हैसही जाते. अशा वेळी ओढायचं नसतं, आधी आत ढकलायचं असतं. ही साधी गोष्ट मी बत्तीस वर्षांत शेकडो गोठ्यांत केली, पण एकालाही सांगितली नव्हती. कशाला सांगू? तायडे डॉक्टर आहेच ना.

दीड तास रेडकू टिकणार नव्हतं. मी म्हटलं, "नामदेव, तू घालतं का हात?"

"मले रगत पाहून चक्कर येते डॉक्टर."

"गज्या?"

गज्याचा हात म्हणजे उखळातलं मुसळ. मग लक्षात आलं. बारीक हात, रोज मातीत राबणारा, घट्ट बोटांचा. "सुमनले दे फोन."

सुमन म्हणाली, "मी? मायबाई! मले काय समजते जी त्यातलं?"

"म्या सांगतो तसं कर. नखं काप. कोपराच्या वरलोक साबन लाव, तेल लाव. बांगड्या काढ."

इथं सगळं थांबलं. मागून सासूचा आवाज आला की भरल्या घरात हात मोकळा करायचा नाही, नवरा समोर उभा आहे. तिकडं मैनेचं कण्हणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "मावशीले सांग, मोकळा नाई कराचा. उजव्या हातातल्या साबन लावून डाव्यात चढव. डाव्यात दुप्पट होतीन. नामदेवचं आयुष्य बी दुप्पट."

सासूला ते पटलं.

नामदेवनं फोन मोठ्या आवाजावर करून हातात धरला, तोंड भिंतीकडं फिरवून. सुमननं हात घातला. "लय आवळते जी!"

"कळ येते तवा थांब. कळ सरली का पुढं. काय लागते हाताले?"

"गुळगुळीत हाय. काईच समजत नाई. आता कुठं नेऊ?"

अन् मी बंद पडलो. खरं सांगतो, शब्दच येईनात. हात आत गेला की माझी बोटं आपोआप रस्ता काढतात. पण तो रस्ता कुठून कुठं जातो, हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. कला हातात होती, तोंडात नव्हती. "डॉक्टर, आयकून राह्यले ना?" सुमन ओरडत होती.

समोर एक सोफा होता. मोठा, पांढरट, दोन जाड गाद्यांचा. मी गुडघ्यावर बसलो, बाही वर केली, डोळे मिटले आणि दोन गाद्यांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला. आणि देवाशपथ सांगतो, हाताला सगळं आठवलं.

"पायाच्या वरून जाय. हां. छाती लागन. तथून मान धर. मान कोन्या अंगाले वळली?"

"डाव्या... डाव्या अंगाले!"

"मानीवरून सरकत जाय. अजून आत. अजून!" माझ्या बोटांना काहीतरी कडक लागलं. "चमचा," मी म्हणालो.

"चमचा? म्हशीत?"

"माह्या इकडं हाय तो, तू चाल पुढं!"

काउंटरवरची मुलगी जवळ आली. "सर, काही हरवलंय का?"

"डोकं," मी म्हटलं. "डोकं सापडत नाही."

ती दोन पावलं मागं सरली.

एवढ्यात सभागृहाचं दार उघडलं. साहेब बाहेर आले आणि त्यांच्यामागं सगळी परिषद. एका पायात पायमोजा नाही, गळ्यातलं लोढणं पाठीवर आणि रिसॉर्टच्या सोफ्यात खांद्यापर्यंत हात, असा मी. साहेबांचा चेहरा लाल झाला. "तायडे! हा काय प्रकार आहे?"

तेवढ्यात फोनमधून सुमन किंचाळली, "डॉक्टर, कान! कान लागला जी हाताले!"

साहेब जिथल्या तिथं थांबले. मग वेगळ्याच आवाजात विचारलं, "डोकं कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडं वळलंय साहेब. पाय दोन्ही बाहेर. चौघांनी ओढलंय."

"छाती मागं ढकलायला सांगितली का?"

"नाही." स्वतः करताना ते मी न बोलताच करतो, म्हणून सांगायचं राहूनच गेलं होतं.

साहेबांनी कोट काढून कोणाच्या तरी हातात दिला, टाय खांद्यावर टाकला, सोफ्याजवळ गुडघे टेकले आणि गादीवर तळहात रोवला. "बाई, ऐका. कळ थांबली की एका हातानं छाती आत रेटायची. जोरात. ओढायचं नाही, रेटायचं."

"हे कोन बोलून राह्यले?" सुमननं विचारलं.

"माह्याहून मोठे डॉक्टर हायेत. आयक त्यायचं."

साहेब गादी रेटताहेत, मी मान वळवतोय आणि भोवती सगळी परिषद वर्तुळ करून उभी. नागपूरकडच्या एकानं माझा खांदा धरला, म्हणे जोर येतो. एक पाहुणी बाई मोबाईलवर आमचं चित्रीकरण करत होती. तिला काय वाटलं असेल, तिचं तिलाच ठाऊक.

"आता थोतरी धर, तोंड धर. जबड्यात दोन बोटं अटकव. दात तळहातात झाक, आतून कुठं लागू देऊ नोको. अन् हयू हयू आपल्याकडं वळव."

"हात भरून आला डॉक्टर." ती रडत होती. "नाई होत आता. बोटं सुटतेत."

"होते. मेथीच्या जुड्या बांधतं ना दिवसभर? तेच बोटं हायेत थे. आवळ!"

फोनमध्ये काहीतरी धप्पकन पडलं आणि आवाज बंद झाला.

मी परत लावला, लागेना. पुन्हा लावला. साहेब गादीवरचा हात काढत नव्हते आणि मीही. माझ्या डोळ्यांसमोर मागच्या खेपेचा तो चहाचा कप येत होता. त्या बाईला मी शब्द दिला होता आणि पाचशे किलोमीटरवर सोफ्यात हात घालून बसलो होतो. सात-आठ मिनिटं गेली असतील. तेवढ्यात माझं बाबासाहेबांना, सासूबाईंच्या देवीला, सगळ्यांना बोलावून झालं.

सनई वाजली. नामदेव ओक्साबोक्शी रडत होता, काही समजेना. मी ओरडलो, "काय झालं थे सांग ना बे!"

"फोन पडला होता जी माह्या हातातून... चक्कर आली... वगार! वगार झाली डॉक्टर!" वगार म्हणजे मादी रेडकू, दुधाची आशा.

"श्वास घेते का?"

मग सुमनचा आवाज. "नाई घेत जी."

"नाक पुस. मांगचे पाय धरून उचल, पानी गळू दे. मंग नाकात गवताची काडी घाल, खोल. पोत्यानं बरगडी घास!"

साहेबांनी माझा खांदा दाबून धरला होता. आणि मग फोनमधून एक शिंक आली, ओली आणि बारीक. पाठोपाठ दुसरी. सगळ्या लॉबीत टाळ्यांचा कडकडाट झाला. काउंटरवरची मुलगीही टाळ्या वाजवत होती आणि कशाला वाजवतेय हे तिला अजून कोणी सांगितलेलं नव्हतं.

साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "काय तायडे? फोनवरून म्हैस मोकळी होत नाही, नाही का?"

मी म्हटलं, "साहेब, तुमचा हात कुठं आहे तो बघा आधी."

त्यांचा हात एव्हाना कोपरापर्यंत गादीच्या फटीत गेला होता. त्यांनी तो काढला, उलटसुलट करून पाहिला. हळूच म्हणाले, "वीस वर्षं झाली हो हात घातला नव्हता." मग त्यांनी मला बूट आणून दिला. परिषदेच्या अहवालात 'दूरस्थ सेवेचे यशस्वी प्रात्यक्षिक' असं आलं. सोफ्याचा उल्लेख नाही.

कारंज्याला उतरलो तर स्टँडवर नामदेव चिकाचा डबा घेऊन उभा. खरवस पहिला मलाच, हा त्यांचा रिवाज. पण बातमी माझ्याआधी पोचली होती. चहाच्या टपरीवर एकानं विचारलंच, "डॉक्टर, सोफ्याले काय झालं? वगार का हेला?" पुढचे सहा महिने मला हेच ऐकावं लागलं.

संध्याकाळी सुमनकडं गेलो. वगार आईला ढुशा देत होती. सुमनचा उजवा हात सुजला होता, बांगड्या अजून डाव्यातच. मी तिचं कौतुक करायला तोंड उघडलं, तर तीच सावकाश म्हणाली, "डॉक्टर, एक इचारू? मागच्या येळी बी माहा हात अतीच गोठ्यात होता. मंग तवा काहून नाई सांगतलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तुझ्या हाताला आलं असतं तर मला डॉक्टर कोणी म्हटलं असतं, हे खरं उत्तर, ते तोंडातून निघेना. वगारीच्या पाठीवर हात फिरवत राहिलो.

उरलेलं दीड वर्ष मी गावोगावच्या बायांना शिकवत फिरलो. साधन एकच, पोत्यात कोंबलेली उशी. पुरुष हसायचे. बाया शिकल्या.

निवृत्त झाल्यावर गेल्या हिवाळ्यात सुमनच्या शेजारची म्हैस अडली. सवयीनं मलाही फोन आला. गाडी काढली, पोचलो, बाही वर करतच गोठ्यात शिरलो. सुमन तिथं आधीच होती, हात साबणानं पांढरा. "या डॉक्टर, बसा. च्या ठेवला हाय." मी बाजेवर बसलो. म्हैस जनतेय आणि मी बसलोय, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

ती डोळे मिटून हात आत सरकवत होती. मी तोंड उघडलं, "छाती आधी..."

"रेटली जी."

"मान..."

"धरली."

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं आणि हसली. मी खाली बघितलं. माझा उजवा हात बाजेवरच्या गोधडीत कोपरापर्यंत शिरला होता.

"राहू द्या डॉक्टर," सुमन म्हणाली. "च्या थंडा होते. माह्या हाताले येते आता."